संगणक आणि संगीत: पदवीच्या उन्हाळ्यात संशोधनाकडे कसे वळावे

विलंबित ख्यालाचे एखादे ध्वनिमुद्रण घ्या आणि ठोके शोधणाऱ्या तयार प्रोग्रामला ऐकवा. गायिका एकतालाच्या एकेका मात्रेला चार-चार सेकंद देते आहे, म्हणजे मिनिटाला पंधराच मात्रा. प्रोग्राम मात्र बहुधा शंभराच्या आसपासचा आकडा सांगून मोकळा होतो. पायथनमधल्या ‘लिब्रोसा’ या लायब्ररीचे ठोके शोधणारे फंक्शन वेगळे काही सांगितले नाही तर मिनिटाला १२० ठोके हा अंदाज धरूनच कामाला लागते. दोन मात्रांच्या मधली जागा भरायला तबल्यावर वाजवलेले बोल त्याला ठोके वाटतात.

आकडा चुकला हे गाणे ऐकणाऱ्या कोणालाही कळेल. तो नेमका कुठे चुकला, कशामुळे चुकला आणि बरोबर यायचा असेल तर प्रोग्रामला आणखी काय कळायला हवे, हे शोधायला बसलात की संशोधन सुरू झाले. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेला विद्यार्थी आठ-दहा आठवड्यांत हे खरोखर करू शकतो. त्यासाठी जगभर उन्हाळी कार्यक्रम आहेत, आणि कार्यक्रम नसला तरी पत्र लिहून दार उघडता येते.

असे अर्ज वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे येत आहे. चांगले गुण असलेली, चांगले वाजवणारी मुले एकाच ठिकाणी अडखळतात: संगीताची आवड आणि प्रोग्रामिंग या दोन गोष्टी अर्जात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, त्या एकमेकींना भेटलेल्याच नसतात. हा लेख त्या भेटीबद्दल आहे.

आधी हे क्षेत्र ओळखून घ्या

संगणकावर संगीत ही नवी गोष्ट नाही. मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल लॅब्समध्ये १९५७ मध्ये ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्राम लिहून संगणकाकडून छोटीशी रचना वाजवून घेतली होती. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी साठच्या दशकात फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनने, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंप्रता सतत बदलून, आवाज घडवण्याची रीत शोधली. तीच पुढे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ या गाजलेल्या कीबोर्डमध्ये आली. पॅरिसचे इरकाम, स्टॅनफर्डचे कार्मा, बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातला म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुप, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले सेंटर फॉर डिजिटल म्युझिक या संशोधन केंद्रांची नावे तुम्हाला शोधनिबंधांत पुन्हा पुन्हा दिसतील.

आज विद्यार्थ्यांना सर्वाधिक वाव आहे तो ‘म्युझिक इन्फर्मेशन रिट्रीव्हल’ या शाखेत. सगळे तिला एमआयआर म्हणतात. ध्वनिमुद्रणातून स्वर, लय, वाद्य, राग किंवा रचनेचे भाग ओळखणे, मिसळलेल्या आवाजांतून गाणे आणि वाद्ये वेगळी काढणे, ही तिची कामे. या शाखेची इस्मिर ही परिषद २००० पासून भरते आणि तिथले सगळे निबंध कोणालाही मोफत वाचता येतात. नवख्या माणसाला याहून चांगला ग्रंथसंग्रह मिळणार नाही.

दुसरी शाखा लिखित संगीताची. इथे ध्वनी नसतो, नोटेशन असते: मिडी फायली, म्युझिक एक्सएमएल, आणि त्यावर चालणारी ‘म्युझिक २१’ सारखी साधने. सिग्नल प्रोसेसिंगची धास्ती वाटत असेल आणि संगीतशास्त्राची गोडी असेल तर इथे या. तिसरी शाखा नवी वाद्ये आणि उपकरणे बनवणाऱ्यांची; त्यांची परिषद नाइम. चौथी, माणूस संगीत कसे ऐकतो हे प्रयोगांनी तपासणाऱ्यांची. आणि सध्या ज्याचा सर्वाधिक बोलबाला आहे तो संगीत निर्माण करणाऱ्या मॉडेलांचा विभाग. त्यात जरूर जा, पण पहिल्या उन्हाळ्यासाठी मी तो सुचवत नाही. मोठी मॉडेल चालवायला लागणारी यंत्रे आणि वेळ दहा आठवड्यांत हाताशी येत नाहीत, आणि ‘हे संगीत चांगले झाले का’ या प्रश्नाचे मोजता येईल असे उत्तर काढणे हाच एक वेगळा अवघड विषय आहे.

किती यायला हवे

पायथन नीट यायला हवे. नीट म्हणजे फाइल वाचणे, अ‍ॅरेवर काम करणे, आलेख काढणे आणि आपली चूक आपण शोधणे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट वापरता येणे. थोडी रेषीय बीजगणिताची आणि संभाव्यतेची ओळख. संगीताच्या बाजूने परीक्षा दिलेल्या असण्याची गरज नाही, पण एखाद्या परंपरेत तुमचा कान मुरलेला हवा. ती परंपरा कोणतीही चालेल: ख्याल, जाझ, सिनेसंगीत, ड्रम मशिनवरचे नृत्यसंगीत.

एक गोष्ट मात्र मनापासून समजून घ्या, कारण पुढचे पुष्कळ काही तिच्यावर उभे आहे. ध्वनी संगणकात आकड्यांची रांग म्हणून येतो. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात प्रत्येक वाहिनीत एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. लिब्रोसा फाइल उघडताना न विचारता ते २२,०५० वर आणते आणि दोन वाहिन्यांची एक करते, हे माहीत नसल्याने कितीतरी जणांचे पहिले आलेख चुकतात. मग त्या रांगेचे छोटे तुकडे करून प्रत्येकात कोणत्या कंप्रता आहेत ते पाहायचे. तो स्पेक्ट्रोग्राम. नेहमीचा तुकडा २,०४८ आकड्यांचा, म्हणजे सुमारे ९३ मिलिसेकंदांचा.

आता हेच संगीताच्या कानाने पाहा. तबल्यावर रेला चालू आहे, सेकंदाला बारा बोल. दोन बोलांतले अंतर ८३ मिलिसेकंद. म्हणजे एका तुकड्यात दोन बोल सापडू शकतात आणि त्यांची गल्लत होते. मग तुकडा लहान करू? तर स्वर धूसर होतात. २,०४८ च्या तुकड्यात कंप्रतांचा एकेक खण सुमारे ११ हर्ट्झ रुंद असतो, आणि १३० हर्ट्झच्या षड्जापासून कोमल ऋषभ आठेक हर्ट्झवरच असतो. दोन्ही स्वर एकत्र वाजले तर हा स्पेक्ट्रोग्राम त्यांना वेगळे दाखवू शकत नाही. वेळ बारीक पाहायची की स्वर बारीक पाहायचा, यांतले एक निवडावे लागते. पुस्तकात ही गोष्ट समीकरणाने सांगितलेली असते. रेला आणि खर्जातला स्वर डोळ्यांसमोर ठेवून ती ज्याला सांगता येते, त्याची मुलाखत तिथेच अर्धी झालेली असते.

अर्जाआधीचा एक महिना

अर्ज लिहायला बसण्याआधी एक महिना स्वतःचे एक छोटे काम करा. बाकी सगळे सल्ले विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका. काम इतके छोटे हवे की ते पुरे होईल.

पहिला आठवडा फक्त ऐकण्याचा. तुम्ही ज्या संगीतात वाढलात त्यातली दहा मुद्रणे निवडा आणि एखादे तयार साधन त्यांच्यावर चालवा. ठोके शोधणारे, स्वरांचा मागोवा घेणारे किंवा कॉर्ड ओळखणारे, कोणतेही. आलेला निकाल आलेखात पाहू नका, ऐका. लिब्रोसात ठोक्यांच्या जागी टिकटिक घालून देणारे फंक्शन आहे. मूळ मुद्रणावर ती टिकटिक चढवा आणि हेडफोन लावून शांतपणे ऐका. पाच मिनिटांत तुम्हाला अशा तीन गोष्टी कळतील ज्या कोणत्याही तक्त्यातून कळल्या नसत्या.

दुसऱ्या आठवड्यात बरोबर उत्तर स्वतः तयार करा. क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेले ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे. मुद्रण चालू ठेवायचे आणि मात्रा, सम किंवा स्वर जिथे येईल तिथे खूण करायची. कंटाळवाणे काम आहे. पण दुसऱ्या दिवशी तेच मुद्रण खुणा न पाहता पुन्हा करून बघा. तुमच्याच दोन दिवसांच्या खुणा काही ठिकाणी जुळणार नाहीत. कुठे जुळल्या नाहीत ते लिहून ठेवा. माणसालाच जिथे एक उत्तर देता येत नाही, तिथे यंत्राला चूक म्हणायचे का? हा प्रश्न तुम्हाला स्वतःच्या हाताने सापडला, ही साधी गोष्ट नाही.

तिसऱ्या आठवड्यात मोजणी. ‘मिर इव्हाल’ ही लायब्ररी या क्षेत्रातली ठरलेली मापे देते. ठोका खऱ्या जागेच्या ७० मिलिसेकंदांच्या आत असला तर बरोबर, स्वर ५० सेंटच्या आत असला तर बरोबर, असे तिचे रूढ नियम. नियमांकडेही कानाने पाहा. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात, म्हणजे ५० सेंट हा अर्ध्या अर्धस्वराचा फरक झाला. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार यंत्राने सपाट सरळ रेषेत काढला, तरी या मापाने त्याला चांगले गुण मिळून जातील. पियानोसाठी पुरेसे असलेले माप एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणाऱ्या मींडेला पुरत नाही. अशी एक अडचण नीट, उदाहरणासह मांडली तरी तुमच्या हातात संशोधनाचा प्रश्न आला.

चौथ्या आठवड्यात दोन पाने लिहा. काय विचारले, काय केले, काय निघाले, कुठे फसले. सोबत कोड आणि तीन-चार छोटे आलेख. एवढेच. वेबवर कुठेतरी ठेवा म्हणजे दुवा देता येईल.

डेटा कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ‘म्युझिकनेट’ मध्ये स्वरांच्या खुणा केलेली ३३० मुद्रणे आहेत. आवाज वेगळे करण्यासाठी ‘म्युझडीबी-१८’ मध्ये १५० गाणी आहेत, त्यांत गायन, ड्रम, बेस आणि उरलेली वाद्ये अलग दिलेली आहेत. खुल्या परवान्याच्या संगीतासाठी ‘एफएमए’ हा एक लाखाहून जास्त गाण्यांचा संग्रह आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतासाठी ‘सरगा’ पाहा. बार्सिलोनाच्या गटाने झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालवला होता, त्याच परंपरेतला हा संग्रह आहे. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदलुसी आणि बीजिंग ऑपेरा अशा पाच परंपरा त्या प्रकल्पाने अभ्यासल्या. पाश्चात्त्य पॉप डोळ्यांपुढे ठेवून बनलेली साधने इतर संगीतात कुठे कमी पडतात, हा त्याचा गाभ्याचा प्रश्न होता. तो अजून जिवंत आहे.

‘जीटीझॅन’ या जुन्या डेटासेटबद्दल मात्र जपून राहा. दहा शैली, प्रत्येकी शंभर, तीस-तीस सेकंदांचे तुकडे. शिकवण्यांमध्ये हाच वापरतात. त्यात एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला आहे, काही लेबले चुकीची आहेत, काही मुद्रणे बिघडलेली आहेत, हे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून कधीच दाखवून दिले गेले आहे. ‘मी शैली ओळखण्यात ९५ टक्के अचूकता मिळवली’ असे या डेटासेटवरचे वाक्य अर्जात आले, की वाचणाऱ्याला एवढेच कळते की तुम्ही डेटा ऐकला नाही.

दारे कोणती आहेत

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून चालणारा ‘रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स’, म्हणजे आरईयू, हा सर्वांत ओळखीचा मार्ग. एखादे विद्यापीठ एका विषयाची ‘साइट’ चालवते, बाहेरच्या कॉलेजांतली मुले तिथे साधारण दहा आठवडे येतात, विद्यावेतन मिळते आणि बहुतेक ठिकाणी राहण्याची सोयही होते. संगीत, माध्यमे आणि मन यांचा संगणकीय अभ्यास हा विषय घेऊन रोचेस्टर विद्यापीठाने अशी साइट चालवली आहे. इतर साइट्सच्या नावात संगीत दिसणार नाही. ध्वनी, सिग्नल प्रोसेसिंग, मशिन लर्निंग किंवा माणूस-संगणक संवाद अशा नावांखाली एखादा संगीताचा प्रकल्प असतो. म्हणून शीर्षक पाहून पुढे जाऊ नका, मार्गदर्शकांची यादी उघडा. महत्त्वाची अट: आरईयूच्या पैशावर फक्त अमेरिकेचे नागरिक, नॅशनल्स आणि कायमचे रहिवासी येऊ शकतात, आणि तुमची पदवी अजून पूर्ण झालेली नसावी. ही अट न वाचता महिनाभर अर्ज घडवणारी मुले मी पाहिली आहेत, वाईट वाटते.

इतर देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी कॅनडाची ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ ही बारा आठवड्यांची इंटर्नशिप आहे. ठरावीक देशांतल्या विद्यार्थ्यांना तिथल्या प्राध्यापकांच्या प्रकल्पांच्या यादीतून निवड करता येते, आणि अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, सप्टेंबरच्या सुमारास संपतात. जर्मनीची ‘डाड’ ही संस्था ‘राइज’ नावाने काही देशांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथल्या गटांत पाठवते. भारतात तीन विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. तिथे संगीत असा विषय नसतो, अभियांत्रिकीच्या विभागातून ध्वनी किंवा वाक्‌-प्रक्रियेवर काम करणारा मार्गदर्शक शोधावा लागतो.

गूगलचे ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालते. ते संशोधन नाही, खुल्या सॉफ्टवेअरवरचे काम आहे. पण म्युझिकब्रेन्झ हा मुद्रणांच्या माहितीचा खुला कोश चालवणारी मेटाब्रेन्झ, डीजेंना गाणी मिसळायला लागणारे सॉफ्टवेअर बनवणारे ‘मिक्स’ (Mixxx) असे संगीताचे प्रकल्प त्यात येत आले आहेत, आणि तिथे लिहिलेला कोड पुढे कोणालाही दाखवता येतो. प्रयोगशाळेत जायला मिळाले नाही तर हा मार्ग मला मनापासून आवडतो.

एक गल्लत टाळा. स्टॅनफर्डचे कार्मा आणि अशीच काही केंद्रे उन्हाळ्यात आठवडाभराच्या कार्यशाळा घेतात. त्या उत्तम असतात, पण तिथे तुम्ही शुल्क भरून शिकायला जाता. संशोधनाच्या जागेवर तुम्ही काम करता आणि पैसे तुम्हाला मिळायला हवेत. निदान खर्च तरी निघायला हवा.

वेळेचे गणित सांगायचे तर, सप्टेंबरला हालचाल सुरू करा. काही कार्यक्रमांची मुदत तेव्हाच असते, काहींची नोव्हेंबरला, आरईयूच्या बहुतेक साइट्सची जानेवारी ते मार्चमध्ये, आणि समर ऑफ कोडची मार्च-एप्रिलच्या आसपास. अटी आणि तारखा दरवर्षी हलतात आणि निधीअभावी एखादी साइट एखाद्या वर्षी बंदही असते, म्हणून त्या वर्षीचे पान उघडूनच खात्री करा.

थेट पत्र

कार्यक्रमात नाव लागले नाही किंवा अट आडवी आली, तरी प्राध्यापकांना किंवा त्यांच्या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना थेट लिहिता येते. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लिहिणे लोक विसरतात. रोजचे मार्गदर्शन पुष्कळदा तेच करतात आणि मदतीची गरजही त्यांनाच असते.

पत्र छोटे हवे. त्यांचा एक निबंध खरोखर वाचा, त्यातले साधन चालवून पाहा, आणि जे दिसले ते लिहा. साधारण असे:

‘आदरणीय डॉक्टर, मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि सहा वर्षे सतार शिकतो आहे. आपल्या गटाचे स्वर शोधणारे साधन मी सतारीच्या दहा मुद्रणांवर चालवून पाहिले. आलापात ते नीट चालते, पण ‘झाला’ या द्रुत भागात चिकारीच्या उंच तारा वाजल्या की स्वर एक सप्तक वर उडी मारतो. दहापैकी सात मुद्रणांत हे घडले. खुणा, कोड आणि दोन पानांची टिपणी सोबतच्या दुव्यावर आहे. चिकारीचे आघात आधी ओळखून बाजूला काढले तर फरक पडेल का, हे मला तपासायचे आहे. जून-जुलैचे आठ आठवडे मी पूर्ण वेळ देऊ शकतो. अशा कामाला आपल्या गटात जागा असेल का? नसेल, तर आपल्या दृष्टीने हा प्रश्न कुणाकडे न्यावा हे कळले तरी आभारी होईन.’

हे पत्र चालते, कारण ते लिहिणाऱ्याने काहीतरी ऐकले आहे हे दुसऱ्या वाक्यातच दिसते. ‘मला लहानपणापासून संगीत आणि तंत्रज्ञान दोन्हींची ओढ आहे’ हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचले आहे. ते खरे असते, पण त्यावरून लिहिणारा कोण हे कळत नाही. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच आठवण द्या. एकाच मजकुराची पन्नास पत्रे पाठवण्यापेक्षा पाच जणांना पाच वेगळी पत्रे लिहा.

कार्यक्रमांच्या अर्जातले निवेदनही याच सांगाड्यावर लिहिता येते. शिफारसपत्रासाठी ज्यांनी तुमचे काम पाहिले आहे अशा शिक्षकांकडे जा, महिनाभर आधी जा, आणि ती दोन पाने त्यांना द्या म्हणजे त्यांना लिहायला काही मिळेल. संगीताच्या गुरूंचे पत्र चालते का, असे बरेच जण विचारतात. दुसरे किंवा तिसरे पत्र म्हणून चालते, पहिले मात्र तुमचा कोड किंवा गणित पाहिलेल्या शिक्षकांचे असू द्या. मुलाखतीत बहुतेक वेळ तुमच्या त्या छोट्या कामावरच जातो. ‘हे का केले नाही?’ या प्रश्नाला ‘सुचले नाही, पण आता असे करून पाहीन’ हे उत्तर पूर्णपणे योग्य आहे.

ते दहा आठवडे

निवड झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचारून घ्या. तुमच्या कामात माणसांना काही ऐकवून त्यांची मते घ्यायची असतील, तर नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तिला कित्येक आठवडे जाऊ शकतात. सहाव्या आठवड्यात हे कळले तर प्रयोग हातातून जातो. दुसरे, मुद्रणांचे हक्क. व्यावसायिक गाणी तुम्ही अभ्यासासाठी वापराल, पण ती फाइल कोडसोबत वाटता येत नाही. वाटायच्या त्या खुणा, काढलेली मापे आणि म्युझिकब्रेन्झचे ओळख क्रमांक, म्हणजे दुसऱ्याला तेच मुद्रण शोधता येईल.

मग सर्वांत बाळबोध उपाय आधी करून पाहा. रागांच्या पाच वर्गांत निम्मी मुद्रणे यमनाची असतील, तर डोळे मिटून दरवेळी ‘यमन’ म्हणणाऱ्यालाही पन्नास टक्के मिळतात. तुमचे मॉडेल साठ टक्क्यांवर असेल तर त्या साठाचा अर्थ आता वेगळा झाला.

आणि मॉडेल नव्वदवर गेले, तर आनंदाआधी शंका घ्या. एकाच गायकाची मुद्रणे शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गठ्ठ्यांत गेली आहेत का? तसे असेल, तर यंत्राने राग शिकलेलाच नसेल. त्या गायकाचा आवाज, त्याचा षड्ज, त्याच्या तानपुऱ्याचा गुंजारव शिकला असेल. गायक वेगळे करून पुन्हा तपासा. आकडा कोसळतो. तो दिवस जड जातो, हे मी कित्येक मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. पण उन्हाळ्यातले पहिले खरे निरीक्षण बहुधा त्याच दिवशी हाती येते: षड्ज आधी शोधून सगळे स्वर त्याच्या सापेक्ष मांडायला हवेत, हे कुणी सांगून नव्हे, स्वतःला कळते.

रोज अर्धा तास चुका ऐका. तक्त्यात सर्वांत वाईट गुण मिळालेली पाच मुद्रणे काढा, हेडफोन लावा, वहीत लिहा: ‘इथे तानपुरा जोरात’, ‘इथे हार्मोनियम गायकाच्या मागून येते’, ‘इथे माझी खूणच चुकली’. आठवड्याच्या भेटीत मार्गदर्शकांसमोर आकडे ठेवण्याआधी यांतली दोन उदाहरणे वाजवून दाखवा. चर्चा लगेच वेगळ्या पातळीवर जाते. अडकलात तर दोन दिवसांहून जास्त गप्प बसू नका. फक्त विचारताना काय करून पाहिले ते सांगा.

सातव्या आठवड्यापर्यंत मुख्य निकाल हाती यायला हवा, नाहीतर शेवटचे पोस्टर आणि भाषण घाईत होते. नवे प्रयोग तिथे थांबवा, कितीही मोह झाला तरी. पोस्टरजवळ हेडफोन ठेवता आले तर जरूर ठेवा. यंत्राची एक बरोबर आणि एक चुकीची ओळख लोकांना ऐकू द्या. आठव्या-नवव्या आठवड्यात कोड नीट लावा आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या संगणकावर शून्यापासून चालवून बघा. तो तिथे चालत नाही, असेच बहुधा आढळते, आणि दुरुस्तीला दोन दिवस लागतात.

निकाल लहान असला तरी इस्मिरमध्ये ‘लेट-ब्रेकिंग’ नावाचे सत्र असते. तिथे दोनेक पानांत चालू काम मांडता येते, पूर्ण निबंधाची गरज नसते. निघण्यापूर्वी मार्गदर्शकांना विचारा की हे तिथे पाठवायचे का, नावे कोणत्या क्रमाने जातील, आणि सप्टेंबरनंतर तुम्हाला प्रयोगशाळेचा डेटा वापरता येईल का. तिन्ही उत्तरे लेखी, ईमेलवर घ्या.